एक नोंद, एक पान : संकेतस्थळावरील सूची आणि मजकुराची पुनरुक्ती



ज्या गावात आपण एकत्र आलो आहोत, त्या गावाच्या नावापासूनच आजच्या विषयाला आरंभ करता येईल. सातव्या शतकाच्या अखेरीस गुजरातच्या चालुक्यांनी दिलेल्या ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ असा उल्लेख येतो. आहार म्हणजे त्या काळचा एक प्रशासकीय विभाग. आणि कार्मणेय म्हणजे आजचे कामरेज, असे अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनातील ‘कम्मोनी’ हेही हेच स्थान असावे, असे मत मांडले गेले आहे. आता कोणी दक्षिण गुजरातमधील गावांची सूची करावयास घेतली आणि या तीन नावांखाली तोच मजकूर तीनदा लिहिला, तर काय होईल? वाचकाला गावे तीन वाटतील. पुढे एखाद्या नोंदीत सुधारणा झाली आणि उरलेल्या दोन तशाच राहिल्या, तर तीन नोंदी परस्परांना खोट्या ठरवू लागतील.

सूचीकारांना हा प्रश्न फार पूर्वीपासून ठाऊक आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या तालिकासंहितेत ग्रंथाची मुख्य नोंद सविस्तर असते. इतर नोंदी संक्षिप्त असतात व वाचकाला योग्य जागी पोहोचवतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या मराठी विश्वकोशात ‘पहा’ हा दोन अक्षरांचा शब्द हेच काम करतो. आपल्या शेतकरी बांधवांना तर याहून जवळचे उदाहरण माहीत आहे. सात-बारा हा जमिनीचा उतारा, आठ-अ हा खातेदाराचा. एका खातेदाराच्या पाच जमिनी असल्या, तरी आठ-अ मध्ये त्यांचे क्रमांक, क्षेत्र व आकार तेवढे येतात. पिकांचा तपशील ज्या त्या सात-बारावरच राहतो. तात्पर्य एवढेच, की वर्णन एका ठिकाणी असावे आणि अन्यत्र त्याचा केवळ निर्देश असावा.

संकेतस्थळावर पुनरुक्ती कशी होते?

आज दुकाने, दवाखाने, शाळा किंवा माजी विद्यार्थी यांची सूची संकेतस्थळावर करणे सोपे झाले आहे. २००३ साली सुरू झालेल्या वर्डप्रेससारख्या व्यवस्थेला सूचीचे ‘प्लगइन’, म्हणजे तयार पुरवणी, जोडली की काम सुरू होते. या पुरवणीच्या कोठारात नोंद एकदाच साठवलेली असते. पुनरुक्ती होते ती ती नोंद दाखवताना. कामरेज चार रस्त्यावरील एखादे औषधाचे दुकान घ्या. त्याचे स्वतःचे पान तयार होते. ते ‘औषधे’ या वर्गाच्या पानावर येते, ‘कामरेज’ या गावाच्या पानावर येते, ‘रात्री उघडे’ या खुणेखालीही येते. यादी अक्षरक्रमाने लावा किंवा अंतराच्या क्रमाने, प्रत्येक वेळी पानाचा पत्ता बदलतो. या सर्व ठिकाणी संपूर्ण वर्णन छापले, तर एकच परिच्छेद दहा पत्त्यांवर नांदू लागतो.

पुनरुक्तीचा दुसरा प्रकार आपल्याच हातून घडतो. प्रत्येक गावाच्या पानासाठी प्रास्ताविक हवे म्हणून एकच परिच्छेद लिहायचा आणि ‘कामरेज’च्या जागी ‘बारडोली’, ‘ओलपाड’, ‘मांडवी’ अशी नावे घालीत जायचे. अशा पानांवर वाचकाला नाव सोडून नवीन काहीच मिळत नाही.

हानी कोणती?

अशा पुनरुक्तीबद्दल शोधयंत्र दंड करते, असा एक समज रूढ आहे. फसवणुकीचा हेतू नसेल, तर सामान्यतः तसे होत नाही. घडते ते निराळे. सारख्या पानांच्या गटातून शोधयंत्र स्वतःच एक पान निवडते व उरलेली बाजूस ठेवते. ही निवड आपल्या मनासारखी होईलच असे नाही. दुकानाच्या पानाऐवजी एखाद्या यादीचे सतरावे पान पुढे येऊ शकते. इतरांनी दिलेले दुवेही अनेक पत्त्यांत विखुरतात.

उपाय

पहिला उपाय लेखनाचा आहे. संपूर्ण वर्णन नोंदीच्या स्वतःच्या पानावरच ठेवावे. यादीत नाव, ठिकाण आणि एका-दोन ओळींचा स्वतंत्रपणे लिहिलेला सारांश पुरे. प्रास्ताविक लिहायचे तर त्या गावाविषयी खरोखर काही सांगावे. सांगण्यासारखे नसेल तर जागा रिकामी सोडावी.

दुसरा उपाय यंत्राला खूण करण्याचा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘कॅनॉनिकल’ ही खूण मान्य केली. एप्रिल २०१२ मध्ये तिचा रीतसर मसुदा प्रसिद्ध झाला. पानाच्या शीर्षभागात लिहिलेली ही खूण ‘या मजकुराचे मूळ पान अमुक’ असे सांगते. एका अर्थी विश्वकोशातील ‘पहा’च तो. मात्र ती सूचना आहे, आज्ञा नव्हे. दोन पुरवण्यांनी एकाच पानावर दोन निराळ्या खुणा केल्या, तर शोधयंत्र दोन्हींकडे दुर्लक्ष करू शकते. लांब यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानांवर पहिल्या पानाची खूण करणेही चुकीचे, कारण त्यांवरील नोंदी वेगळ्या असतात.

तिसरा उपाय नोंदींच्या विलीनीकरणाचा. एकाच संस्थेची दोन पाने झाली असतील, तर एक ठेवून दुसऱ्याच्या पत्त्यावरून तिकडे कायमचे वळण, म्हणजे ‘रीडायरेक्ट’, द्यावे. ज्या याद्या वाचकाला उपयोगी आहेत पण शोधात यायला नकोत, त्यांना ‘नोइंडेक्स’ ही खूण करावी. पान शोधयंत्राला वाचूच न देणे हा मात्र उपाय नव्हे. वाचलेच नाही, तर त्यावरील खूण त्याला दिसणार कशी?

माणसांची सूची

दुकानाच्या सूचीपेक्षा माजी विद्यार्थ्यांच्या सूचीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. खानदेशातून सुरतेत आलेल्या कुटुंबातील एखादी विद्यार्थिनी शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या नावाने असते आणि आज सासरच्या नावाने ओळखली जाते. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी नंतर. गुजराती, देवनागरी आणि रोमन लिपीत तेच नाव तीन प्रकारे उमटते. यंत्राला या तीन व्यक्ती वाटतात. मग नवा दूरध्वनी एका नोंदीत लिहिला जातो आणि जुना दुसरीत राहतो. रक्तदात्याचा शोध घेणारा माणूस नेमक्या त्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करतो. पुनरुक्तीचे खरे मोल येथे कळते. म्हणून व्यक्तीची नोंद एकच असावी, जुनी-नवी नावे त्या नोंदीत पर्याय म्हणून लिहावीत, आणि कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक त्याच पानावर पोहोचावा. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत काय, हा निर्णय यंत्रावर न सोपवता त्या व्यक्तीलाच विचारावे. आणि तिची संमती असेल तेवढेच प्रसिद्ध करावे.

पुरवण्या बदलतील, खुणांची नावेही बदलतील. सूचीकाराचे कर्तव्य मात्र ग्रंथालयातील तालिकापत्रांच्या काळात होते तेच राहील : जे सांगायचे ते एकदाच आणि नीट सांगावे, आणि तेथे पोहोचण्याच्या वाटा मात्र जितक्या करता येतील तितक्या कराव्यात.