सगळ्यांनी मिळून चालवलेली रेल्वे

गाडी चालवणं आणि रेल्वे चालवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाडी इंजिनचालक चालवतो. रेल्वे चालवणाऱ्यापुढचे प्रश्न वेगळेच असतात. रूळ कुठून कुठे न्यायचे, डोंगराला वळसा घालायचा की बोगदा खणायचा, दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करायचं, आणि या सगळ्याचा खर्च कुठून भागवायचा? आज ज्या संगणकावरच्या खेळाबद्दल मी सांगणार आहे, त्यात हे दुसरं काम करायचं असतं. खेळाचं नाव आहे ओपन टीटीडी.

हा खेळ फुकट मिळतो. पण महाजालावर फुकट मिळणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता. नवल आहे ते वेगळंच. ज्या जुन्या खेळावरून हा तयार झाला, तो खेळ विकणाऱ्या कंपनीच्या मालकीत बदल झाले, तो ज्या संगणकांसाठी लिहिला होता ते संगणक अडगळीत गेले, आणि तरीही वीस वर्षांहून अधिक काळ हा खेळ चालू आहे, वाढतो आहे. त्याला चालवणारे लोक पगारी नाहीत. ते देशोदेशी विखुरलेले आहेत आणि त्यातल्या अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. हे कसं जमलं, ते आज पाहू.

सुरुवात १९९४ सालची. ख्रिस सॉयर या स्कॉटलंडमधल्या प्रोग्रामरनं ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ नावाचा खेळ लिहिला आणि मायक्रोप्रोज कंपनीनं तो बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्याची सुधारलेली आवृत्ती आली, ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’. टीटीडी ही त्याचीच आद्याक्षरं. सॉयरनं हे काम मुख्यतः असेंब्ली भाषेत केलं होतं. असेंब्ली म्हणजे यंत्राच्या भाषेला अगदी चिकटून असलेली भाषा. लिहायला किचकट, पण त्या काळच्या तुटपुंज्या ताकदीच्या संगणकावरही झपाट्यानं चालणारी.

खेळाची मांडणी सोपी आहे. पडद्यावर चौकोनाचौकोनांनी बनलेला एक प्रदेश दिसतो. त्यात गावं आहेत, कोळशाच्या खाणी आहेत, वीजकेंद्रं, शेतं, कारखाने आहेत. तुम्ही एका वाहतूक कंपनीचे मालक. हातात पैसा आहे, पण तो एक लाख पौंडांच्या कर्जाचा. त्यातून रूळ घालायचे, स्थानकं बांधायची, गाड्या विकत घ्यायच्या. बस, मालमोटार, जहाज, विमान यांतलंही काही चालतं. कोळसा वीजकेंद्रावर पोचला की पैसे मिळतात.

किती पैसे मिळतात, इथे खरी गंमत आहे. भाडं ठरतं तीन गोष्टींवर: माल किती, अंतर किती आणि वेळ किती लागला. अंतर मोजतात ते दोन स्थानकांमधलं, रुळांची लांबी नव्हे. रिक्षा लांबच्या रस्त्यानं गेली की मीटर वाढतो. इथे लांबून गेलात तर अंतराचे पैसे तेवढेच मिळतात आणि वेळ वाया गेला म्हणून कमाई उलट घटते. कोळसा थोडा उशिरा पोचला तर फारसं बिघडत नाही. उतारू आणि टपाल यांना मात्र घाई असते. म्हणजे कोणत्या मालासाठी महागडं वेगवान इंजिन घ्यायचं आणि कुठे जुन्या इंजिनावर भागवायचं, हे मालाच्या स्वभावावरून ठरवावं लागतं. मालवाहतुकीच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा खेळता खेळता होऊन जातो.

दुसरा धडा नियमितपणाचा. प्रत्येक स्थानकाला तिथल्या सेवेबद्दल टक्केवारीत गुण मिळतात. गाडी बऱ्याच दिवसांत फिरकली नाही, फलाटावर माल साचून राहिला, की गुण उतरतात. गुण उतरले की खाणीतला कमी कोळसा तुमच्या वाट्याला येतो. एकदाच मोठी गाडी पाठवण्यापेक्षा वेळच्या वेळी लहान गाड्या पाठवलेल्या अनेकदा बऱ्या पडतात. ज्या गावात एसटी दिवसातून एकदाच येते, तिथल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. गाडी बेभरवशाची झाली की माणसं दुसरी सोय बघतात.

गावाची नगरपालिकाही आहे. तुम्ही झाडं तोडलीत, घरं पाडलीत, की ती नाराज होते आणि नव्या स्थानकाला परवानगी नाकारते. झाडं लावलीत की मन वळतं. लाच देण्याचीसुद्धा सोय आहे! मात्र पकडले गेलात तर त्या गावातली उरलीसुरली पतही जाते.

असा हा खेळ लोकांना आवडला. पण आवडला की माणसाला त्यातल्या उणिवा दिसू लागतात. गाड्या आणखी लांब असत्या तर? सिग्नल आणखी शहाणे असते तर? अशी सुधारणा करायला मूळ प्रोग्रामचा मजकूर हातात हवा. तो तर कंपनीकडे. यावर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जोसेफ ड्रेक्सलर यांनी एक युक्ती काढली. त्यांनी टीटीडीपॅच नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो मूळ खेळाला हात न लावता, खेळ संगणकाच्या स्मृतीत उतरल्यावर तिथल्या तिथे बदल करायचा. पॅच म्हणजे ठिगळ. ठिगळं सुरेख होती, पण खालचं कापड जुनंच होतं.

कापडच नवं विणायचं काम केलं लुडविग स्ट्रिगेयस या स्वीडिश प्रोग्रामरनं. त्यानं टीटीडीची तयार यंत्रभाषा वाचत वाचत तिचा अर्थ उकलला आणि तोच खेळ सी या भाषेत पुन्हा लिहून काढला. कल्पना करा, चकली खाऊन बघायची आणि भाजणीत काय काय, किती किती घातलंय ते नेमकं लिहून काढायचं. त्यातला प्रकार हा. ६ मार्च २००४ रोजी ओपन टीटीडीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. हाच स्ट्रिगेयस पुढे म्यूटोरंट आणि स्पॉटिफाय यांच्या घडणीमुळे नावाजला गेला.

पण त्यानं हा मजकूर स्वतःजवळ ठेवला असता, तर त्याचं लक्ष दुसरीकडे गेल्यावर हाही खेळ थांबला असता. त्यानं तो जीपीएल नावाच्या परवान्याखाली खुला केला. हा परवाना समजायला आपल्या घरातलं विरजण आठवावं. शेजारून चमचाभर विरजण आणलं, आपलं दही लावलं. शेजारणीचं काही कमी झालं नाही. उद्या आपलं दही दुसऱ्याला दिलं, तर त्यातून विरजण काढायला त्याला मना करायची नाही, एवढीच अट. खुल्या मजकुराचंही तसंच. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला खेळ वाटलात, तर त्याचा मजकूरही त्याच अटींवर द्यायचा.

तरी एक मोठी अडचण उरलीच. प्रोग्राम नवा झाला, पण पडद्यावर दिसणारी घरं, इंजिनं, झाडं आणि कानावर पडणारे आवाज हे जुन्या खेळाचेच होते आणि त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे होते. म्हणजे नवा खेळ खेळायला जुन्या खेळाच्या फाइली जवळ असाव्या लागत. मग स्वयंसेवकांनी सगळं नव्यानं करायला घेतलं. एकेक इंजिन वेगवेगळ्या दिशांनी, एकेक घर, पूल, रुळाचं एकेक वळण. अशी हजारो लहान चित्रं अनेकांनी मिळून काढली. आवाज आणि संगीतही नवं जमवलं. १ एप्रिल २०१० रोजी १.० ही आवृत्ती निघाली, तोवर जुन्या खेळाची एकही फाइल नसताना ओपन टीटीडी खेळता येऊ लागला होता. दिवस एक एप्रिलचा असला, तरी बातमी खरी होती.

अनेक हात लागले की काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. पहिलं सिग्नलचं. जुन्या पद्धतीत दोन सिग्नलांमधला रूळ म्हणजे एक खंड आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी. सुरक्षित नियम आहे. पण मोठ्या स्थानकाच्या तोंडाशी जिथे बरेच सांधे एकत्र येतात, तो सगळा भाग मिळून एकच खंड होतो. एक गाडी पहिल्या फलाटावर शिरत असेल, तर चौथ्या फलाटावरून निघणारी गाडी उगीचच थांबून राहते. वास्तविक दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतही नाहीत. २००९ साली आलेल्या ०.७ या आवृत्तीत नव्या तऱ्हेचा सिग्नल आला. त्यात गाडी पूर्ण खंड न अडवता, आपण जाणार तेवढीच वाट राखून ठेवते. उरलेले रूळ इतरांना मोकळे. खऱ्या रेल्वेतही केबिनमधून गाडीला असाच मार्ग लावून देतात. ‘गाडी स्टेशनाबाहेर का उभी आहे’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा त्या सांध्यांच्या गुंत्यात असतं.

दुसरं उदाहरण उतारूंचं. पूर्वीच्या खेळातला उतारू भलताच समजूतदार होता. नेऊन सोडाल तिथे उतरायचा आणि भाडं द्यायचा! २०१४ च्या १.४ या आवृत्तीत प्रत्येकाला स्वतःचं ठिकाण असण्याची सोय झाली. ही सोय चालू केली की गाडी बदलण्याची स्थानकं भरून वाहू लागतात. दोन मार्ग जिथे मिळतात त्या स्थानकावर एवढी गर्दी का होते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. दादरचा पूल ज्यांनी संध्याकाळी सहा वाजता ओलांडला आहे, त्यांना तर नाहीच.

बाकी वाढही मोठी आहे. मूळ खेळाचा प्रदेश प्रत्येक बाजूला २५६ चौकोनांचा होता, आता तो ४०९६ पर्यंत नेता येतो. एकाच प्रदेशात पंधरा कंपन्या उतरू शकतात. जपानच्या, ब्रिटनच्या, नेदरलँड्सच्या हौशी लोकांनी आपापल्या देशातल्या गाड्या काढून खेळात घातल्या आहेत. चलनांच्या यादीत आपला रुपयाही आहे.

पण मला या सगळ्याहून मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. १९९५ सालच्या मूळ खेळात कोणी आपला डाव जपून ठेवला असेल, तर तो डाव ओपन टीटीडीत आजही उघडतो. विचार करा, हे टिकवायला काय लागलं असेल. दर नव्या आवृत्तीत कोणीतरी जुनं मोडत नाही ना, हे तपासलेलं असतं. संगणक बदलतात, विंडोज बदलतं, त्याप्रमाणे खेळ जुळवून घ्यावा लागतो. कोणी दोष कळवतो, कोणी तो शोधतो, तिसरा दुरुस्ती तपासतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. रुळांवरून रोज चालत जाऊन नटबोल्ट तपासणाऱ्या गँगमनचं काम आणि हे काम एकाच जातीचं. २०२४ साली खेळाला वीस वर्षं झाली आणि त्याच एप्रिलमध्ये चौदावी आवृत्ती निघाली, ती अशा लोकांच्या जिवावर.

आता या खेळाचं दुसरं अंगही सांगायला हवं. त्यात रेल्वे बांधणं फार सोपं आहे. शेताच्या चौकोनावर बोट टेकवलं, पैसे वजा झाले, शेत गेलं. खऱ्या जगात त्या चौकोनावर माणूस उभा असतो. त्याचं म्हणणं असतं, हक्क असतो, मोबदल्याचा प्रश्न असतो. रूळ घालणारे मजूर या खेळात दिसत नाहीत. तेव्हा मुलांना हा खेळ जरूर खेळू द्या, पण नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची रेघ यांतला फरक त्यांना मोठ्यांनीच सांगायचा आहे.

शेवटी आपल्याशी संबंधित एक गोष्ट. हा खेळ पन्नासहून अधिक भाषांत खेळता येतो आणि ती सगळी भाषांतरं खेळणाऱ्यांनीच केलेली आहेत. त्यात मराठीचंही नाव आहे, पण ते अपूर्ण भाषांतरांच्या रांगेत. कोणीतरी सुरुवात केली आणि ते काम मध्येच राहिलं. काम अवघड आहे असं नाही. काही हजार लहान लहान वाक्यं आहेत आणि त्यांना लागणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत: फलाट, रूळ, सांधा, बोगदा, घाट, उतारू, मालगाडी. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हापासून आपल्या लोकांनी ते घडवत आणले आहेत. ते संगणकात आणून बसवायला कोणा कंपनीची परवानगी लागत नाही, पदवी लागत नाही. संध्याकाळचा अर्धा तास आणि चिकाटी पुरते. ऐकणाऱ्यांपैकी कोणा एकानं जरी रोज दहा वाक्यं करायची ठरवलं, तर मराठीची गाडी त्या यार्डातून बाहेर निघेल.