आण्णांचा मोबाईल आणि कोगनोळीची रात्र

ऑगस्ट २०१९. महापुराचे दिवस. आमचे आण्णा सकाळी आजारी मावशीला बघायला कोल्हापूरला गेले होते. निपाणी ते कोल्हापूर म्हणजे आम्हा निपाणीकरांना शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं. पाऊस वाढायच्या आत परत येतो, असं आईला सांगून निघाले होते. परतताना कागल ओलांडून गाडी कोगनोळीपर्यंत आली आणि थांबली. पुढं रस्त्यावर पाणी आलं होतं.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी बेंगळुरूत ऑफिसात होतो आणि माझ्याकडं होता फक्त नकाशावरचा एक निळा ठिपका. आण्णा रिटायर झाल्यावर मीच त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं, ते कुठं आहेत हे मला दिसावं म्हणून. पावणेसहाला ठिपका कोगनोळीत होता. सातलाही तिथंच. आठनंतर तो हललाच नाही. फोन लावला तर कानडीत आणि मग इंग्रजीत उत्तर, नंबर बंद आहे.

आईचा दर अर्ध्या तासानं फोन. "तू एवढा इंजिनिअर, बघ की तुझ्या त्या नकाशात!" मी काय बघणार? बी.ई. होऊन दहा वर्षं झाली होती, रोज सॉफ्टवेअरमध्ये काम करत होतो, आणि वडील कुठं आहेत ते मला सांगता येत नव्हतं. ती रात्र आम्ही दोघांनी दोन गावांत जागून काढली.

सकाळी सहाला आण्णांचा फोन आला. "मी बरा हाय. इथं कोगनोळीत एका ओळखीच्या घरी झोपलोय. जास्त बोलत नाही, चार्ज कमी हाय. आईला सांग." फोन ठेवला.

नऊ टक्के

गणपतीला घरी गेलो तेव्हा सगळी हकीकत ऐकली. गावात वीज नव्हती. रेंज येत-जात होती आणि शेवटी गेलीच. बसमधल्या बाकीच्यांचीही तीच गत. आण्णांनी पाच-सहा वेळा फोन लावून बघितला, लागेना. बॅटरी नऊ टक्क्यांवर आली तसा त्यांनी मोबाईल सरळ बंद केला आणि खिशात ठेवला. सकाळी उठल्यावर चालू केला, रेंज आली होती, पहिला फोन मला.

"बंद का केलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"अरे, वात बारीक केली की कंदील रात्रभर पुरतो. मोबाईलचं काय येगळं हाय?"

आण्णा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. शिल्लक किती, खर्च कशावर, हे त्यांना बरोबर कळतं. मग मीही त्यांच्याच पद्धतीनं हिशेब करायला बसलो. मोबाईलची सेटिंग उघडली आणि बॅटरी कशावर खर्च झाली ती यादी काढली. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ही यादी असते, पण आपण ती सहसा बघत नाही.

यादीत सगळ्यात वर माझंच ॲप होतं. आण्णांची काळजी म्हणून टाकलेलं. ते दिवसभर दर थोड्या वेळानं जागा शोधत होतं आणि मला पाठवत होतं. म्हणजे त्या संध्याकाळी आण्णांच्या मोबाईलची बॅटरी सगळ्यात जास्त खाणारा मीच होतो.

सीमेवरचा मोबाईल जास्त का दमतो

यादीत दुसरा नंबर होता मोबाईल नेटवर्कचा. हे आपल्या भागातल्या लोकांनी नीट समजून घेण्यासारखं आहे.

निपाणी कर्नाटकात, पण गावाला लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात. आमचं घर त्याच बाजूला. पुढच्या खोलीत कर्नाटकाचा टॉवर आणि मागच्या गॅलरीत महाराष्ट्राचा, हा अनुभव तिकडच्या अनेकांना असेल. मोबाईल कंपन्यांचे परवाने सर्कलप्रमाणे दिलेले असतात. कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पूर्वी गॅलरीत उभं राहून बोललं तरी रोमिंगचे पैसे कटायचे, म्हणून आई फोन घेऊन स्वयंपाकघरात पळायची. २०१६-१७ नंतर ते पैसे गेले, पण टॉवरची अदलाबदल काही गेली नाही. परक्या सर्कलच्या टॉवरवर असलेला मोबाईल ठराविक वेळानं आपलं घरचं नेटवर्क मिळतंय का, ते शोधत राहतो. आपण त्याला हातही लावलेला नसतो, तरी त्याचं काम सुरूच असतं.

त्यात रेंज कमी असली की खर्च आणखी वाढतो. फोर-जी मोबाईल जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट ताकदीनं टॉवरला हाक मारू शकतो. टॉवर जवळ असेल तर त्याच्या हजाराव्या हिश्शातही भागतं. समोर बसलेल्या माणसाशी हळू बोलतो आणि शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला ओरडून हाक मारतो, तसंच हे. महापुरात वीज गेली की टॉवर काही वेळ बॅकअपवर चालतात. तोही संपला की सगळे मोबाईल एकाच वेळी ओरडायला लागतात. आण्णांचा मोबाईल त्या संध्याकाळी हेच करत होता, आणि शिवाय माझं ॲप.

आम्ही काय बदललं

पहिलं, ते ॲप. आता लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना फक्त' अशी ठेवली आहे. प्रवासाला निघताना आण्णा स्वतः एक तासापुरतं लोकेशन पाठवतात. पोचले की बंद.

दुसरं, सिम. सीमाभागात बहुतेकांकडं दोन सिम असतात, एक इकडचं, एक पाहुण्यांशी बोलायला तिकडचं. ज्या सिमला रेंज नाही ते सारखं टॉवर शोधत बसतं. आण्णांचं दुसरं सिम आता सेटिंगमधून बंद असतं, कोल्हापूरला जाताना चालू करतात.

तिसरं, घरातलं वाय-फाय. २०२० च्या सुमारास आपल्याकडं वाय-फाय कॉलिंग आलं. ते चालू केल्यावर घरात बोलणं वाय-फायवरून होतं, टॉवर गॅलरीत आहे की स्वयंपाकघरात याचा प्रश्न उरत नाही. नेटवर्क हातानं निवडून ठेवायची सोयही असते, पण ती प्रवासात घात करते. निवडलेला टॉवर मागं पडला की मोबाईल दुसरा धरत नाही. म्हणून ती आम्ही ऑटोमॅटिकच ठेवली.

चौथं, स्क्रीन. रोजच्या वापरात बॅटरी खाण्यात स्क्रीन पहिल्या रांगेत असते. ब्राइटनेस ऑटोवर आणि स्क्रीन तीस सेकंदांत बंद, एवढ्यानं बराच फरक पडतो. डार्क मोडबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. तो फक्त ओएलईडी स्क्रीनवर कामाचा, कारण तिथं काळा भाग म्हणजे बंद दिवा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजून बघितलं, तेव्हा पूर्ण ब्राइटनेसला सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला फक्त ३ ते ९ टक्के. उन्हात उपयोग मोठा, रात्री पलंगावर किरकोळ.

पाचवं, जे करायचं सोडलं ते. आण्णा दर तासाला सगळी ॲप सरकवून 'साफ' करायचे, अंगण झाडल्यासारखं. शांत पडून असलेलं ॲप फारसं खात नाही. ते बंद करून परत पहिल्यापासून उघडायला जास्त लागतं. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की मोबाईल टेबलावर पडून असला की ॲपची कामं गोळा करून अधूनमधून एकदमच होतात.

आणि तीस टक्क्यांवर बॅटरी सेव्हर आपोआप चालू. वात बारीक करायचं हे आता मोबाईलच करतो.

बॅटरीचं वय

दिवसाची बॅटरी पुरायची तर ती म्हातारी होऊ नये हेही बघावं लागतं. आपल्या खिशातली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. महापूर आला त्याच वर्षी. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे उष्णता. उन्हात गाडीच्या हँडलला मोबाईल लावून नकाशा चालू ठेवणं, किंवा उशीखाली चार्जिंगला लावून झोपणं, यानं ती लवकर थकते. दुसरं म्हणजे टोकं. रोज शून्यापर्यंत उतरवणं आणि शंभरावर तासन्‌तास ठेवणं. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ती सुखात असते. नव्या मोबाईलमध्ये ऐंशीला थांबायची सोय असते, ती वापरावी. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र खुशाल शंभर करावी.

युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे की मोबाईलच्या बॅटरीनं ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. आपण नवा मोबाईल घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो, तसं हेही विचारायला हरकत नाही.

यात विजेच्या बिलाचा प्रश्न नाही. ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात घरातला पंखा पंधरा मिनिटं चालतो. वर्षाला सात-आठ युनिट. प्रश्न एवढाच असतो की नेमक्या वेळी त्यात काही शिल्लक आहे का.

म्हणून आण्णांच्या पिशवीत आता एक पॉवर बँक असते. दहा हजारची म्हणजे पाच हजारची बॅटरी दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात वाटेत ऊर्जा वाया जाते आणि साधारण दीड वेळाच भरते. तेवढंही पुष्कळ. शिवाय शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर माझा, आईचा आणि मावशीचा नंबर. तिला चार्जिंग लागत नाही.

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत असंच आहे. आपण बेंगळुरू, पुणे, नाहीतर त्याहून लांब, आणि आई-वडील बेळगाव, निपाणी, खानापूरकडं. त्यांचा मोबाईल आपणच घेऊन दिलेला, ॲपही आपणच टाकलेली. पुढच्या वेळी गावी गेलात की अर्धा तास काढा. त्यांचा मोबाईल मागून घ्या, बॅटरीची यादी उघडा आणि त्यांना शेजारी बसवून बघा. काय बंद करायचं ते त्यांना विचारून करा. आमच्याकडं मी एकदा न विचारता एक ॲप काढलं, तर ते आण्णांच्या भजनाचं निघालं. चार दिवस बोलले नाहीत.

हल्ली आण्णांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "बाळ, सत्तर टक्के हाय. बोल निवांत."