मद्य आणि मनोविकारांवरील औषधें

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील वणी येथें सात माणसें हात निर्जंतुक करण्याचें सॅनिटायझर पिऊन मृत्युमुखीं पडलीं. टाळेबंदीमुळें दारूचीं दुकानें तेव्हां बंद होतीं. ही वार्ता वाचून पुष्कळांनीं व्यसनाला दोष दिला व वर्तमानपत्र मिटून ठेवलें. परंतु नित्य पिणाऱ्याची दारू एकाएकीं तुटली, म्हणजे त्याच्या शरीरांत काय घडतें, हें प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखें आहे.

आपल्या मेंदूंत चेतविणारीं आणि शमविणारीं अशीं दोन प्रकारचीं रसायनें एकमेकांना तोलून धरीत असतात. मद्य शमनाच्या पारड्यांत वजन टाकतें. म्हणून पिणाऱ्यास प्रथम स्वस्थ वाटतें. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचा मेंदू हा तोल सांवरण्यासाठीं चेतनेचें पारडें जड करीत जातो. अशा माणसाचें मद्य अकस्मात् बंद झालें, कीं तें जड पारडें धाडकन् खालीं येतें. कांहीं तासांतच हात कांपूं लागतात, घाम फुटतो, झोंप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेंफरें येऊं शकतें. दोन ते चार दिवसांत कित्येकांना भ्रम होऊन नसलेलीं माणसें दिसूं लागतात. उपचार न झाल्यास हें दुखणें प्राणावरही बेततें.

येथें क्लोरडायझेपॉक्साइड व डायझेपाम हीं औषधें उपयोगीं पडतात. पहिलें १९६० सालीं व दुसरें १९६३ सालीं प्रचारांत आलें. तीं मेंदूंतील त्याच शामक यंत्रणेला बळ देतात. डॉक्टर तीं मोजून देतात आणि मात्रा दिवसागणिक उतरवीत साधारण आठवड्याभरांत थांबवितात. जोडीला ‘ब-१’ जीवनसत्त्व देतात.

मात्र ज्या गुणामुळें हें औषध दारू सुटलेल्याला तारतें, त्याच गुणामुळें तें दारू पिणाऱ्याला मारूं शकतें. दोन्हीं एकत्र पोटांत गेलीं, तर शमनावर शमन चढतें. शुद्ध हरपते, श्वास मंदावतो, ओकारी श्वासनलिकेंत जाऊन मनुष्य गुदमरतो. डायझेपामचा अंश शरीरांत कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून ‘गोळी काल घेतली, पेला आज घेतों’ हा हिशेब फसवा आहे.

डायसल्फिरामची गोष्ट निराळी. मद्यपानावर त्याचा उपयोग होतो, हें डेन्मार्कमधील संशोधकांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. तें मद्याचें पचन अर्ध्यावर अडवितें. मग ॲसिटाल्डिहाइड हें विषारी द्रव्य रक्तांत सांचतें, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. रुग्णानें समजून घेतलें तरच तें औषध. त्रासलेल्या घरच्यांनीं जेवणांतून चोरून दिलें, तर तो जिवाशीं खेळ होय.

तेव्हां नित्य पिणाऱ्याला घरांत कोंडून दारू तोडण्याचा हट्ट धरूं नये. त्याला दवाखान्यांत न्यावें आणि शेवटचा पेला केव्हां घेतला, रोज किती घेतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हें संकोच न करतां सांगावें. औषधाची मात्रा याच उत्तरांवर ठरते. जेथें दवाखाना दूर आहे, तेथून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. घराण्याच्या अब्रूपायीं दडविलेली एक गोष्ट माणसाच्या जिवावर उठूं शकते, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.