परक्याचा चेहरा, घरची माती

तेर म्हटले की मराठी माणसाला गोरोबाकाका आठवतात. पण धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात मातीला आकार देणारे हात गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी कामाला लागले होते. तेरणेकाठच्या पांढरीच्या टेकाडांत सापडणाऱ्या वस्तू गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आज त्या पाहायला मिळतात. तिथल्या मातीच्या काही वस्तू नीट समजून घ्यायच्या, तर आधी जपानला एक फेरी मारायला हवी.

जपानच्या क्युशू बेटावर अरिता नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढरी चिनी माती सापडली आणि जपानी पोर्सेलीन जन्माला आले. याचे श्रेय परंपरेने यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला दिले जाते. माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर पडे, म्हणून त्याला ‘इमारी’ हेच नाव पडले. 1644 मध्ये चीनमधली मिंग सत्ता कोसळली, तिथल्या भट्ट्यांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी अरिताकडे वळली. अफझलखानाची स्वारी निघाली त्याच 1659 साली कंपनीने अरिताला पहिली मोठी मागणी नोंदवली, पन्नास हजारांहून अधिक नगांची. आपल्या वेंगुर्ल्याला वखार चालवणारी कंपनीही हीच.

या मालावर बहुधा चिनी वळणाची फुले-पाने असत, कारण युरोपच्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. खुद्द डच माणूस भांड्यावर अवतरला तो मुख्यतः जपानी गिऱ्हाइकासाठी, आणि तोही अठराव्या शतकापासून. निळ्या रंगावर लाल आणि सोनेरी काम, मधोमध डोलकाठ्यांचे काळे जहाज, कडेच्या चौकटींत टोपीवाले, लांब नाकाचे डच. असे वाडगे आज जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले दिसतात.

गंमत अशी की, सामान्य जपानी माणसाच्या नजरेला डच फारसा पडतच नसे. 1641 पासून डचांना नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर राहावे लागले आणि पुलावरच्या ये-जा करण्यावर पहारा असे. नागासाकीत छापलेल्या चित्रांतून आणि ऐकीव गोष्टींतून त्यांची प्रतिमा पसरली. त्यामुळे या वाडग्यांवरून हॉलंडची माहिती थोडीच मिळते. जपानी कुतूहल मात्र भरपूर कळते.

हीच दृष्टी घेऊन तेरला यावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ‘तगर’ या मोठ्या शहराची नोंद आहे: भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. तगरहून साधे आणि तलम कापड गाड्यांवर लादून, आडरानातून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी येथे उत्खनन केले.

रोमन व्यापारी स्वतः तेरपर्यंत आलाच असेल असे नाही. त्याचे नाणे मात्र दख्खनभर फिरले. तेर आणि तेलंगणातले कोंडापूर अशा ठिकाणी रोमन नाण्यांवरून घडवलेल्या मातीच्या चकत्या सापडतात. बऱ्याच चकत्यांना ओवायला कडी किंवा भोक असते; टायबेरियस या सम्राटाच्या नाण्याची नक्कल विशेष आवडीची. सोन्याची किंमत मातीत उतरणे शक्य नव्हते. उतरला तो चेहरा, आणि तो गळ्यातला दागिना झाला.

तेरच्या केओलिनच्या मूर्तींतही असेच घडले. केओलिन म्हणजे पोर्सेलीनलाही लागणारी पांढरी माती. पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून या मूर्ती आतून पोकळ घडवल्या आहेत. हे तंत्र अनेक अभ्यासक रोमन संपर्काशी जोडतात. केशरचना, दागिने आणि अंगलट मात्र अस्सल दख्खनी. 

बाहेर गेलेल्या वस्तूंचे नशीब वेगळे. 1938 मध्ये पाँपेईच्या अवशेषांत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन 79 च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. ती तेरलाच घडली, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

म्हणून व्यापारी गावातली कोणतीही जुनी वस्तू पाहताना ती कोणासाठी केली होती, हे आधी विचारावे. परक्यासाठी केलेल्या मालात त्याची आवड दिसते. घरच्यांसाठी केलेल्या वस्तूत परक्याविषयीचे आपले नवल दिसते. तगरचे कापड ग्रीक लेखकाच्या यादीत चढले आणि काळाच्या ओघात कुजून गेले. तगरच्या लोकांना त्या दूरदेशीच्या राजाच्या चेहऱ्यात काय भावले, ते कोणी लिहून ठेवले नाही. त्याचा पुरावा त्यांनीच गळ्यात घातला होता, आणि तो शोधायला नेपल्स गाठावे लागत नाही.