फाइलचा खंड आणि दाराचा राखणदार

वाडी खंडाने घेणे म्हणजे काय, हे वसई-विरारच्या वाचकांना सांगायला नको. मुदतीपुरती वाडी आपली. मालकाला ती हवी झाली, तर त्याने आधी कळवायचे आणि आवराआवरीला सवड द्यायची. संगणकातल्या फाइलीचाही असाच खंड असतो. त्याला ‘लीज’ म्हणतात.

समजा, तुमच्या शाळेचे गुणपत्रक एका फाइलीत आहे. ती उघडणारा प्रोग्राम संगणकाच्या यंत्रणेला म्हणतो, “दुसरं कुणी ही फाइल बदलायला आलं, तर मला आधी सांगा.” यंत्रणा ‘हो’ म्हणाली, की तो निर्धास्त. जवळच्या प्रतीवर भरवसा ठेवून तो काम करतो. मूळ फाइल पुन्हा पुन्हा तपासत बसत नाही. दुसरा आलाच, तर यंत्रणा त्याला दारात थांबवते आणि पहिल्याला हाक मारते. लिनक्स यंत्रणेत आवरायला सामान्यतः ४५ सेकंद मिळतात. तेवढ्यात सोडले नाही, तर खंड संपला!

फाइल त्याच संगणकाच्या डिस्कवर असली, तर हे सहज जमते. वाडीला दार एकच, आणि राखणदार तिथेच बसलेला. पण समजा, फाइल विरारच्या सर्व्हरवर आहे आणि ती वसईहून नि नालासोपाऱ्याहूनही उघडते. आता दारे अनेक झाली. वसईच्या संगणकाला नालासोपाऱ्याचा माणूस दिसतच नाही. तरीही त्याने ‘हो’ म्हटले, तर काय होईल? नालासोपाऱ्याच्या बाईंनी दुरुस्त केलेले गुण वसईच्या जुन्या प्रतीखाली पुसले जातील, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

म्हणून नियम असा, की जाळ्यावरच्या फाइलीचे वचन सर्व्हरला विचारूनच द्यावे. कारण सगळी दारे त्यालाच दिसतात. ‘एनएफएस’ पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर असे वचन देऊ शकतो. त्याने दिले नाही, तर संगणकाने सरळ ‘नाही’ म्हणावे.

आता तुम्ही विचाराल, मुदत कशाला? तर वचन घेतलेला संगणकच बंद पडला, किंवा मधली तार तुटली, तर बाकीच्यांनी किती वेळ ताटकळायचे? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ साली याच अडचणीवर मुदतीचा उपाय मांडला.

नकार मिळाला, की प्रोग्राम मूळ फाइल वारंवार पाहतो. काम थोडे रेंगाळते खरे. पण मुलांचे गुण शाबूत राहतात. खोट्या होकारापेक्षा खरा नकार बरा, तो एवढ्यासाठीच.