झाकण घट्ट हवं, कोंडणारं नको

ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्यानंतर लोकांना आपल्यापुरती बिअर परवान्याशिवाय घरी करता येऊ लागली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.) आंबवण्याच्या बादलीचं झाकणही बरेचजण घरीच करतात, आणि त्या झाकणाबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

पहिला आणि धोक्याचा समज म्हणजे झाकण जितकं पक्कं बंद, तितकं चांगलं. एक किलो ग्लुकोज आंबलं की साधारण ४९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वीस लिटरच्या नेहमीच्या बिअरमधून मिळून सुमारे साडेचारशे लिटर वायू निघतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाखाली वातावरणाच्या एक दशांश एवढा जादा दाब साचला, तरी झाकणाला खालून सत्तर किलो वजनाइतका रेटा बसतो. म्हणून वायूला वाट हवीच, फक्त ती एकच हवी. ती वाट म्हणजे एअरलॉक, झाकणाच्या भोकात बसवलेली पाणी भरलेली नळी. त्यातलं दोन-तीन सेंटिमीटर पाणी ओलांडायला अगदी थोडा दाब पुरतो. जास्त फेस येणारी बिअर असेल तर एअरलॉक चोंदतो. तेव्हा पहिले काही दिवस रुंद नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडावं.

‘सिलिकॉन फासलं की काम झालं’ हेही खरं नाही. बादल्या बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि या प्लास्टिकवर नेहमीचा कुठलाच चिकट पदार्थ नीट धरत नाही. शिवाय बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बरेचदा बुरशीनाशक घातलेलं असतं. इथे दाबून बसणारं रबरच कामाचं: काठाला खाद्यपदार्थांसाठी चालणारी रिंग आणि एअरलॉकच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे खाच असलेलं रबरी कडं. झाकणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ड्रिल सावकाश चालवावं, भोक ग्रोमेटच्या खाचेच्या मापाचंच पाडावं आणि कडेला राहिलेले प्लास्टिकचे तुसे ब्लेडने काढून टाकावेत. मग पाणी भरलेला एस-आकाराचा एअरलॉक बसवून झाकण तळव्याने हलकेच दाबून धरावं. बाहेरच्या बाजूचं पाणी चढून तिथेच थांबलं तर झाकण पक्कं बसलं. हात तसाच असताना ते खाली सरकलं, तर कुठेतरी गळतंय.

अशी गळती असली की बुडबुडे येत नाहीत आणि माणूस यीस्ट मेलं असं समजून बसतो. वायू नुसता काठावरून निसटत असतो. उलट, खोली तापली की विरघळलेला वायू सुटून आंबणं संपल्यावरही बुडबुडे येतात. निर्णय घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर सोडावा: दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तर आंबणं संपलं.

कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो बिअरवर पांघरुणासारखा पडून राहतो, असंही ऐकायला मिळतं. वायू एकमेकांत मिसळतात, पांघरूण टिकत नाही. जोमात आंबत असताना बाहेर पडणारा वायूच हवेला आत येऊ देत नाही. यॉर्कशायरमध्ये सॅम्युअल स्मिथची ब्रुअरी दगडी, उघड्या चौकोनी टाक्यांत बिअर आंबवते ती याच बळावर. खरी कसोटी जोर ओसरल्यावर लागते. बादली २० अंशांवरून २ अंशांवर आणली की वरचा वायू सहा टक्क्यांनी आकसतो, आणखी थोडा बिअरमध्ये विरघळतो, आणि एअरलॉकमधून पाणी किंवा हवा आत ओढली जाते. झाकण उत्तम असलं तरी हे टळत नाही. त्यासाठी बादली थंड करण्याआधी, जोमाच्या दिवसांतच वायूने भरून घेतलेली पिशवी ग्रोमेटला नळीने जोडावी.