‘ताओ’स संस्कृतात काय म्हणावे?

इसवी सन 647 मधील गोष्ट. कामरूपाधिपती भास्करवर्मा याने चिनी राजदूताकरवी लाओ त्झूच्या ग्रंथाची संस्कृत प्रत मागविली आणि सम्राट ताइ त्सुंगाने ते कार्य ह्यूएन त्संगाकडे सोपविले. पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला यात्रेकरू तो हाच. साहाय्याला ताओपंथी पंडित बसले, आणि नेमक्या मुख्य शब्दावर घोडे अडले. ‘ताओ’स ‘बोधि’ म्हणावे, असा पंडितांचा आग्रह. ह्यूएन त्संग म्हणे, ‘मार्ग’. दोन दर्शनांची सरमिसळ त्यास मान्य नव्हती. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. वादाची हकीकत मात्र उरली आहे.

ती वाचली तेव्हा आम्ही मनातून शरमलो. ‘ताओ म्हणजे आपले ब्रह्मच’, असे पूर्वरंगात सांगून आम्ही कित्येक वर्षे श्रोत्यांच्या माना डोलविल्या होत्या. साम्य आहे, नाही असे नाही. ताओ वाणीस अगोचर आहे, चराचराचे मूळ आहे. परंतु चैतन्य हे त्याचे लक्षण म्हणून ‘ताओ ते चिंग’ सांगत नाही. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा त्या ग्रंथाचा विषयच नव्हे. अवघे 81 अध्याय, सुमारे 5000 चिनी अक्षरे. आणि त्यांत राजाने प्रजेच्या व्यवहारात किती कमी लुडबूड करावी, याचाही विचार बराच.

‘वू वेइ’ या शब्दाचीही तीच गत. शब्दशः ‘न करणे’. पण हा आळस नव्हे, आणि गीतेतील निष्काम कर्मही नव्हे. गीता स्वधर्म करावयास सांगते आणि फलाची आसक्ती सोडावयास लावते. येथे प्रश्न त्याच्याही आधीचा: हे करणे ओढूनताणून तर नाही ना? च्वांग त्झूच्या ग्रंथातील बल्लव बैल कापतो, तरी त्याच्या सुरीची धार 19 वर्षे बोथट होत नाही. कारण ती हाडावर आपटत नाही, सांध्यांतील पोकळीतून सरकते. महाभारतातील धर्मव्याध ज्यांस ठाऊक आहे त्यांना कसाई गुरुस्थानी पाहून नवल वाटू नये. मात्र व्याध कुलधर्म आणि मातापित्यांची सेवा सांगतो, हा बल्लव आपल्या कामाची रीत सांगतो.

लाओ त्झूची तीन रत्ने म्हणजे दया, काटकसर आणि जगाच्या पुढे पुढे न करणे. तिसरे आम्हां कीर्तनकारांस अंमळ जडच!

पुढे इसवी सन 142 पासून, चांग ताओ लिंगाच्या परंपरेत, याच विचारास देवता, पुरोहित आणि विधी लाभले. चीन आणि तैवानातील ताओ मंदिरांत आजही धूप जळतो. तेव्हा ग्रंथ वाचला म्हणजे धर्म कळला, असेही नाही.

हल्ली आम्ही ‘ताओ’ हा शब्द तसाच ठेवतो आणि अर्थ ‘वाट’ असा सांगतो. ब्रह्माचे निरूपण करावयाचे असल्यास त्याला वेगळा दिवस देतो.